वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्यात नेमकं केलं काय?

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने जवळजवळ सगळी हयात अजिंठ्यावर खर्च केली. एकाच जागेत इतकं काय होतं? ‘अजिंठा जेमतेम अठरा-वीस वर्षांत घडला’ हे त्यांचं म्हणणं कितपत धरून चालायचं? आणि स्थापत्याच्या इतिहासात काम करायचं असेल तर त्यांच्या वाटेने जाणं आज जमण्यासारखं आहे का? लेण्यांची मोजमापं घेणं, नोंदी करणं आणि हा विषय शिकवणं यातच माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली आहेत, त्यामुळे तिन्ही प्रश्नांवर जरा सविस्तर लिहितो.

आधी माणूस. स्पिंक यांचा जन्म १९२८चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुस्टरचा. ॲमहर्स्ट कॉलेजातून पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले आणि १९५४ मध्ये तिथे त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय अजिंठा नव्हता. तो होता सातवाहनकाळातली, म्हणजे भाजे-कार्ले-नाशिकच्या पिढीतली, कोरीव लेणी आणि त्यांचा कालक्रम. काही वर्षं ब्रँडाइस विद्यापीठात शिकवल्यावर १९६१ मध्ये ते मिशिगन विद्यापीठात आले आणि २००० साली तिथूनच निवृत्त झाले. निवृत्तीनंतर काम थांबलं नाही, उलट खरं छपाईचं काम तेव्हा सुरू झालं. लायडनच्या ब्रिल प्रकाशनाने २००५ ते २०१७ या काळात त्यांच्या अजिंठाविषयक ग्रंथाचे सात खंड काढले. शेवटचा खंड आला तेव्हा त्यांचं वय नव्वदीला टेकलं होतं. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले.

प्रबंधाचा विषय मी मुद्दाम सांगितला. अजिंठ्यात ९ आणि १० ही चैत्यगृहं (पूजेची लेणी) आणि १२, १३, १५अ हे विहार (भिक्षूंच्या राहण्याची लेणी) सातवाहनकाळातले, ख्रिस्ताच्या आगेमागे खोदलेले आहेत. बाकीची सगळी नंतरची. स्पिंक यांची नजर आधी जुन्या लेण्यांवर तयार झाली, मग ते नव्या लेण्यांकडे वळले. लाकडी बांधकामाची सवय असलेला कारागीर दगडात उतरला की काय करतो, कशाची नक्कल करतो, कुठे अडतो, हे त्यांनी भाजे-कार्ल्याला बघून ठेवलं होतं. अजिंठ्याला थेट चित्रांच्या ओढीने जाणाऱ्या अभ्यासकांकडे ही तयारी नसायची.

आता ते आले तेव्हा अजिंठ्याच्या काळाबद्दल काय समज होता ते पाहू. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याला वाघूर नदीच्या वळणावरचा हा कडा दिसला. फर्ग्युसन, बर्जेस यांनी एकोणिसाव्या शतकात लेण्यांची पद्धतशीर वर्णनं केली. पण नव्या लेण्यांचा काळ मात्र पाचव्या शतकापासून सातव्या शतकापर्यंत ऐसपैस पसरलेला धरला जायचा. त्याचं एक कारण पहिल्या लेण्यातलं चित्र. टोकदार टोप्या घातलेले परदेशी लोक राजाला नजराणा देताहेत असं ते दृश्य आहे. फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये त्याचा संबंध इराणचा दुसरा खुस्रो आणि बदामीचा दुसरा पुलकेशी यांच्यातल्या वकिलातीशी जोडला. म्हणजे चित्र साधारण ६२५ नंतरचं, म्हणून लेणं सातव्या शतकातलं! हे दृश्य बुद्धाच्या पूर्वजन्मकथेतल्या दरबाराचं आहे असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. पण एका चित्राच्या एका अर्थावर आख्खं लेणं दीडशे वर्षं पुढे ढकललं गेलं आणि ते तिथेच राहिलं. कित्येक पाठ्यपुस्तकांत आजही ‘इ.स. पाचवे ते सातवे शतक’ असंच छापलेलं दिसतं.

स्पिंक यांनी काय केलं ते समजायला आधी खुंट कुठे ठोकले ते बघायला हवं. अजिंठ्याच्या वाकाटककालीन, म्हणजे विदर्भातल्या वाकाटक राजांच्या वेळच्या, दानलेखांत सोळाव्या लेण्याचा लेख आहे हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचा. सतराव्याचा आहे हरिषेणाच्या एका मांडलिक राजाचा, स्पिंक त्याला उपेंद्रगुप्त म्हणतात. सव्विसाव्याचा आहे बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा, अश्मक या दुसऱ्या राज्याच्या राजाचा मंत्री भव्विराज हा त्याचा मित्र. म्हणजे हरिषेण सापडला की अजिंठा सापडतो. पण हरिषेणाचा काळ कुठल्याच लेखात संवतासह दिलेला नाही.

इथे महाराष्ट्रातला एक दगड कामाला आला. वाशीम जिल्ह्यातल्या हिस्से-बोराळा इथल्या शिलालेखात हरिषेणाचा बाप देवसेन याच्या कारकिर्दीत ‘सुदर्शन’ नावाचा तलाव बांधल्याची नोंद आहे, आणि तिथे शक ३८० स्वच्छ दिलेला आहे. म्हणजे इ.स. ४५७-५८. त्या वर्षी देवसेन गादीवर होता, म्हणजे हरिषेण त्यानंतरचा. ही झाली सुरुवातीची मर्यादा.

शेवटच्या मर्यादेसाठी स्पिंक माळव्याकडे वळले. माहिष्मतीच्या सुबंधू महाराजाचे दोन ताम्रपट आहेत. बडवानीच्या ताम्रपटावर १६७ हे वर्ष आहे. दुसरा माळव्यातल्याच बाघ इथल्या दुसऱ्या लेण्यात सापडला आणि त्यात तिथली मोडतोड दुरुस्त करण्यासाठी दान दिल्याचं म्हटलं आहे. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी हे वर्ष कलचुरी संवताचं धरलं, म्हणजे साधारण इ.स. ४१७. स्पिंक म्हणाले, हा गुप्त संवत आहे, म्हणजे ४८६. बाघची लेणी शैलीने अजिंठ्याच्या सख्ख्या बहिणी आहेत. ती ४१७ मध्येच मोडकळीला आली होती असं मानलं तर अजिंठ्याशी त्यांचा मेळच बसत नाही. ४८६ धरलं तर मात्र चित्र जुळतं: तोवर हरिषेण गेलेला, वाकाटकांची सत्ता कोसळलेली, माहिष्मतीत स्वतंत्र राजा बसलेला आणि बाघचं अर्धवट राहिलेलं काम पडझडीला लागलेलं. म्हणजे ४५८ आणि ४८६ या दोन खुंटांमध्ये अजिंठ्याचा सगळा नवा टप्पा बसवावा लागतो. हा भाग मला स्पिंक यांच्या मांडणीत सर्वांत भक्कम वाटतो, कारण तो त्यांच्या आवडीनिवडीवर अवलंबून नाही.

त्या अठ्ठावीस वर्षांच्या आत शिरायचं तर लेखांचा उपयोग संपतो. तिथून स्पिंक यांचं खरं काम सुरू होतं, आणि वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांनी लक्ष द्यायचं ते इथे.

विहारात भिक्षूंच्या खोल्या असतात. खोलीला दार लागतं. दार लाकडाचं, ते केव्हाच गेलं. पण ते बसवायची सोय दगडात केलेली आहे आणि ती तशीच आहे. पहिल्या पहिल्या खोल्यांत नुसता चौकोनी दरवाजा कोरलेला दिसतो, दार कसं फिरणार याचा कोरताना विचारच झालेला नाही. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की दाराच्या फळीचे वरचे-खालचे खुंट फिरायला दगडातच भोकं ठेवली तर काम सोपं होतं. मग ती भोकं कुठे ठेवावीत, फळीला आत सरकून बसायला खाच द्यावी का, हे हळूहळू सुधारत गेलं. स्पिंक यांनी या सुधारणांचे चार टप्पे पाडले, आणि अजिंठ्यातल्या एकेका खोलीचं दार तपासून ते कुठल्या टप्प्यातलं आहे ते नोंदवलं. शेवटच्या खंडाचा मोठा भाग या खोल्या आणि त्यांच्या दरवाजांवरच आहे.

याचा फायदा बघा. मूर्तीची शैली ही कलाकाराच्या हातावर, दात्याच्या पैशावर, नमुन्यावर अवलंबून असते. जुन्या वळणाचा कसबी कारागीर नव्या लेण्यातही जुन्या वळणाची मूर्ती करू शकतो. पण दार नीट लागत नाही हे एकदा कळल्यावर पुन्हा वाईट पद्धतीने दार कोण करेल? सोयीची युक्ती मागे फिरत नाही, आणि एका लेण्यात सापडलेली युक्ती दोनशे पावलांवरच्या दुसऱ्या लेण्यात लगेच पोचते, कारण माणसं तीच. त्यामुळे एकाच विहारात पुढच्या ओळीच्या खोल्यांना एक पद्धत आणि मागच्यांना दुसरी दिसली, तर मधे काम थांबलं होतं की काय, हा प्रश्न रास्तपणे विचारता येतो.

या भोकांतून आणखी एक गोष्ट कळते. दार रोज उघडलं-मिटलं की भोक झिजतं. काही खोल्यांची भोकं गुळगुळीत झिजलेली आहेत, म्हणजे तिथे कुणीतरी राहिलं. काहींच्या कडा अजून टोकदार आहेत, म्हणजे ती खोली वापरातच आली नाही. ४८०च्या सुमाराला तयार झालेल्या काही खोल्यांमध्येही झीज आहे. त्यावरून दाते निघून गेल्यावरही भिक्षू काही काळ तिथे राहत होते हे स्पिंक यांनी मान्य केलं. स्वतःच्या कालक्रमाला ‘आणि मग सगळं संपलं’ असा शेवट देणं त्यांना सोपं होतं, पण दगड तसं म्हणत नव्हता.

तशीच त्यांची काजळीची तपासणी. गाभाऱ्यातल्या बुद्धाला हार घालण्यासाठी आकड्या लावलेल्या असत. पूजा सुरू असली की दिव्यांची, धुपाची काजळी त्या आकड्यांवर, आसपासच्या दगडावर, छतावर बसते. पहिल्या लेण्याचा गाभारा स्पिंक यांनी या नजरेने पाहिला. पद्मपाणीचं चित्र याच लेण्यातलं, अजिंठ्यातल्या सर्वांत देखण्या कामांपैकी एक. पण पूजेत असलेल्या मूर्तीच्या आकड्यांवर जी काजळी असायला हवी, ती त्यांना तिथे दिसली नाही. निष्कर्ष असा की इतकं सजवलेलं लेणं रीतसर पूजेत आलंच नाही. स्पिंक यांच्या मते हे लेणं खुद्द हरिषेणाचं होतं आणि प्रतिष्ठा होण्याआधीच तो वारला. लेणं हरिषेणाचंच होतं का, यावर वाद आहे. काजळी नाही यावर वाद घालायचा असेल तर प्रत्यक्ष जाऊन दाखवावी लागेल.

सव्विसाव्या लेण्यात गेलात तर तिसरी खूण दिसेल. भिंतीवर मूळ आराखड्याप्रमाणे कोरलेल्या मोठ्या मूर्तींच्या मधल्या रिकाम्या जागांत लहान लहान बुद्धमूर्ती कशाही दाटीवाटीने कोरलेल्या आहेत. असं इतर लेण्यांतही आहे. कुठे त्या चौकटीत घुसलेल्या, कुठे आधीच्या नक्षीवर चढलेल्या. स्पिंक यांचं म्हणणं, हे मूळ दात्याचा वचक उरला नसल्याचं लक्षण. राजे आणि मंत्री बाजूला झाले आणि भिक्षू, साधे उपासक ज्याला जिथे जागा मिळाली तिथे आपापलं पुण्य कोरून घेऊ लागले. एका खंडाच्या नावात त्यांनी या मंडळींना ‘बिनबोलावलेले’ म्हटलं आहे. तशा मूर्ती फक्त शेवटच्या वर्षांतल्या, हे त्यांचं ठाम मत.

या सगळ्यावरून त्यांनी जो क्रम मांडला तो थोडक्यात असा. ४६२च्या सुमाराला जोमाने सुरुवात. ४६८ नंतर अश्मकांच्या धास्तीने काम मंदावलं, मग काही वर्षं ते पूर्ण बंद. ४७५च्या सुमाराला अश्मकांच्या छायेखाली काम पुन्हा सुरू. ४७७ मध्ये हरिषेणाचा मृत्यू, त्यानंतर दात्यांनी घाईघाईने आपापल्या मूर्तींची प्रतिष्ठा उरकली. ४८०च्या आसपास सगळं थंडावलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न: हे मान्य करायचं का? माझं मत सरळ सांगतो. ४६० ते ४८० ही ढोबळ चौकट मी मान्य करतो आणि विद्यार्थ्यांना तीच शिकवतो. लेण्यांमधला आगेमागेचा क्रमही बहुतेक ठिकाणी पटतो. पण ‘अमुक खांब ४६७चा, तमुक गाभारा ४७६चा’ असं वर्षागणिक सांगणं मला झेपत नाही. दगडात आधी काय आणि नंतर काय हे दिसतं. मधे किती महिने गेले ते दिसत नाही. एका लेण्याचे पैसे संपले आणि शेजारच्याचे नाहीत, असं कितीदा झालं असेल? काम थांबलं की प्रत्येक वेळी त्यामागे राजकारणच असेल असं नाही. चौथ्या लेण्याचं उदाहरण घ्या. हा अजिंठ्यातला सर्वांत मोठा विहार. कोरता कोरता खडकातल्या दोषामुळे त्याचं छत कोसळलं आणि ते आणखी वर न्यावं लागलं. तिथला उशीर खडकाने केला.

सर्वांत कच्ची बाजू म्हणजे संस्कृत लेखक दंडीच्या ‘दशकुमारचरित’ या कथाग्रंथाचा वापर. त्यातल्या विश्रुताच्या कथेत विदर्भाचा सज्जन राजा, त्याचा ऐषारामी मुलगा, अश्मकराजाने रचलेला कट, फितूर झालेले मांडलिक आणि माहिष्मतीकडे पळालेली राणी हे सगळं येतं. ही वाकाटकांच्या शेवटाची आठवण आहे हा विचार मुळात मिराशींचा. स्पिंक यांनी तो उचलला आणि त्यावर बराच मोठा इमला चढवला. कथा लिहिली गेली ती सुमारे दोनशे वर्षांनी, दक्षिणेत, आणि ती कथा आहे. मिराशींनी तिच्याकडे एक पुरावा म्हणून पाहिलं, ते ठीक. पण विहारातल्या एखाद्या अर्धवट खोलीचं कारण त्या कथेत शोधायला लागलो की पाय घसरतो. अजिंठ्याला नंतरही माणसं येत होती हेही ध्यानात ठेवा. सव्विसाव्या लेण्याजवळ राष्ट्रकूटकाळातला लेख आहे, आणि सातव्या शतकात ह्युएनत्संगाने केलेलं एका भव्य लेण्याचं वर्णन अजिंठ्याचंच असावं असं बहुतेक मानतात.

तरीही स्पिंक यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे, आणि त्याचं कारण त्यांच्या निष्कर्षांपेक्षा त्यांच्या मांडणीत आहे. ते ‘पाचव्या शतकाचा उत्तरार्ध’ असं सुरक्षित वाक्य लिहून मोकळे होऊ शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. इतकं नेमकं लिहिलं की एक दार, एक मूर्ती, एक काजळलेली आकडी दाखवून कुणीही त्यांना खोटं पाडू शकेल. सात खंडांपैकी दुसरा आख्खा खंड वादांनाच दिलेला आहे. आक्षेप त्यांनी लपवले नाहीत, छापून त्यांना उत्तरं दिली. आपल्याकडे एकदा प्रबंध झाला की त्याला हात लावायचा नाही ही वृत्ती असते. हा माणूस साठीनंतर, सत्तरीनंतर, ऐंशीनंतरही दरवर्षी लेण्यांत जाऊन, जगभरच्या विद्यार्थ्यांना तिथेच उभं करून, आपलाच कालक्रम पुन्हा तपासत होता.

अजिंठ्यापलीकडचं त्यांचं काम मी थोडक्यात आटोपतो. जोगेश्वरी, घारापुरी आणि वेरूळचं एकोणतिसावं लेणं ही एकाच धाग्यातली आहेत, अजिंठा बंद पडल्यावरचा पुढचा टप्पा कलचुरींच्या छत्राखाली कोकणात घडला, हे त्यांनी १९६७च्या सुमाराला मांडलं. घारापुरीला कलचुरी कृष्णराजाची नाणी सापडल्यामुळे त्याला बळ मिळालं, आणि आज हे मत बऱ्यापैकी रूढ झालं आहे. शिवाय मिशिगनमध्ये त्यांनी भारतीय कलेच्या रंगीत स्लाइड्सचा मोठा प्रकल्प उभा केला. इंटरनेटच्या आधी अमेरिकेतल्या कित्येक वर्गांत भारतीय देवळं पोचली ती या स्लाइड्समधून. असल्या कामाला संशोधनाची प्रतिष्ठा मिळत नाही, पण पुढच्या दोन पिढ्या त्यावर शिकल्या.

राहिला तिसरा प्रश्न. त्यांच्यासारखं चाळीस वर्षं एका विद्यापीठात राहून एका जागेवर काम करणं आज कठीण आहे, आपल्याकडे तर फारच. नोकऱ्या थोड्या, त्यांतही तासिका तत्त्वावरच्या जास्त. हे झाकून मी तुम्हाला उत्साह देणार नाही. पण तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी इतिहासातून आलेल्या बऱ्याच मुलांकडे नसते: तुम्हाला मोजून नकाशा काढता येतो, छेद वाचता येतो, भार कुठून कुठे जातो ते कळतं. स्पिंक यांचं दारांवरचं काम हे मुळात वास्तुविशारदाच्या नजरेचं काम आहे, आणि सह्याद्रीतल्या शेकडो लेण्यांवर ते अजून फारसं कुणी केलेलं नाही.

ज्याची उणीव आहे ती भरून काढा. ब्राह्मी लिपी शिकायला काही महिने पुरतात, संस्कृत आणि प्राकृत यांना वर्षं द्यावी लागतात, ती द्या. डेक्कन कॉलेजच्या शोभना गोखले यांनी कान्हेरीच्या लेखांवर जे काम केलं ते वाचा. कुठलं लेणं कुणी दिलं, किती दिलं, कशासाठी दिलं, हे लेखातून काढायचं कसं ते तिथे कळेल. पुढच्या शिक्षणाला दोन दारं आहेत: प्राचीन भारतीय इतिहास-पुरातत्त्वाची एम.ए., किंवा दिल्लीचं एसपीए, अहमदाबादचं सेप्ट अशा वास्तुविद्येच्या संस्थांमधला वारसा-संवर्धनाचा अभ्यासक्रम. पोटापाण्याचा विचार केला तर दुसरं जास्त सुरक्षित. संशोधनच करायचं ठरलं असेल तर पहिलं.

आणि एवढ्यात प्रबंधाचा विषय शोधू नका. घराजवळचा एक लेणीसमूह निवडा, शक्यतो ज्याच्यावर कुणी भरभरून लिहिलेलं नाही असा. पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्या, टेप आणि टॉर्च घ्या. प्रत्येक खोलीचं दार, ओटा, खुंट्यांची भोकं, पाण्याची टाकी, अर्धवट सोडलेली छिन्नीची रेघ, सगळं कागदावर उतरवा. शैली, राजवंश, शतक हे शब्द पहिल्या वहीत लिहायचेच नाहीत. दोनेक पावसाळे हे केलंत की कुठलं काम आधीचं आणि कुठलं नंतरचं हे सांगता येऊ लागेल, आणि मग ग्रंथ वाचायला खरी मजा येईल.

स्पिंक यांचे खंड कुठून सुरू करायचे हेही सांगतो. पहिल्या खंडाने सुरुवात करू नका, त्यात राजकारणाचा पसारा फार आहे. पाचवा खंड लेणंवार आहे. तो ग्रंथालयातून मिळवा, त्याच्या टिपा काढा आणि त्या घेऊन अजिंठ्याला जा. सोळाव्या लेण्यापासून सुरुवात करा, कारण तिथे वराहदेवाचा लेख बाहेरच्या भिंतीवर आहे आणि त्यात लेण्याचं वर्णनही आहे: खिडक्या, दारं, खांब, जिना, आतलं चैत्यमंदिर, नागराजाचं स्थान. लेखातली एकेक गोष्ट लेण्यात शोधा. नागराज तर पायऱ्या चढतानाच भेटतो. मग सतरावं, मग सव्विसावं, आणि पहिलं लेणं सर्वांत शेवटी. परत आल्यावर दुसरा खंड, म्हणजे वादांचा, वाचा. सातवा त्यानंतर. पहिला, तिसरा आणि चौथा खंड वर्षभर थांबले तरी चालेल.